एका नदीची चित्रकार्डं



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. इंजिनिअर्समध्ये होतो, म्हणजे सैन्याच्या भाषेत सॅपर. नदी ओलांडायची, पूल बांधायचा, वेळ आली तर पूल उडवायचा, हे आमचं काम. त्यामुळे नदी दिसली की अजूनही आधी रुंदी, काठाची उंची आणि वाळूचा कस दिसतो, सौंदर्य नंतर. आता नोएडात राहतो. गच्चीवरून यमुनेचं खादर दिसतं. खादर म्हणजे पुराच्या पाण्याखाली जाणारी नदीकाठची जमीन.

आज मी माझ्या एका छंदाबद्दल बोलणार आहे. दिल्लीच्या यमुनेची जुनी चित्रकार्डं, म्हणजे पिक्चर पोस्टकार्डं, मी जमवतो. फक्त यमुनेची, तीही वजिराबाद ते ओखला एवढ्याच पट्ट्यातली. आत्तापर्यंत सत्तरेक झाली आहेत. शंभर वर्षांपूर्वीची, हातात मावणारी सत्तर कार्डं. त्यातल्या एका कार्डाने माझी चांगलीच फजिती केली. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

छंद लागला तो इथे नाही, कॅनडात. माझी मुलगी सस्काटून नावाच्या शहरात असते. दूरवर सपाट गव्हाची राने आणि मधून दक्षिण सस्कॅचेवान नदी. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात एक म्हातारे गृहस्थ टेबल मांडून बसले होते. टेबलावर शेकडो कार्डं, आणि सगळी त्याच एका नदीची. तिथे १९०७ साली बांधलेला एक लोखंडी पूल होता. १९०८ च्या जूनमध्ये एक आगबोट त्या पुलाला धडकून बुडाली. बोट गेली, पण माणसं वाचली. त्या गृहस्थांनी पुलाची कार्डं एकापुढे एक मांडली आणि म्हणाले, बघा, वाळूचं बेट कसं सरकतंय. मी गेलो तेव्हा तो पूल वाहतुकीला बंद होता. २०१६ मध्ये तो पाडला आणि २०१८ मध्ये त्या जागी नवा उभा राहिला. म्हणजे आता जुना पूल बघायचा तर कार्डातच.

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. कार्डं सुंदर म्हणून जमवू नका, एका जागेची म्हणून जमवा. सुंदर कार्ड एकटंच बोलतं. एकाच जागेची दहा कार्डं एकमेकांशी बोलतात.

परत आल्यावर मी दर्यागंजच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जायला लागलो. हा बाजार तेव्हा फुटपाथवर भरायचा, २०१९ पासून महिला हाटमध्ये भरतो. पहिलं कार्ड ऐंशी रुपयांना मिळालं: यमुनेवरचा लोखंडी पूल. घरी आल्यावर मी ते शाळकरी पोरासारखं डिंक लावून वहीत चिकटवलं. अशी अकरा चिकटवली. बाराव्याच्या वेळी लक्षात आलं की मागच्या बाजूला लिहिलेलं आता कधीच वाचता येणार नाही. ओलं करून काढायला गेलो तर शाईच पसरली. अकरापैकी चार कार्डांची पाठ कायमची गेली. म्हणून नव्यांना पहिली सूचना: डिंक नाही, सेलोटेप नाही, पीव्हीसीचं स्वस्त पाकीट नाही. पॉलिएस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, आणि जे काही टिपायचं ते कार्डावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर टिपा.

आता या कार्डांची थोडी कुंडली. साधं पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये आलं, पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं. चित्र असलेली कार्डं आली त्या शतकाच्या अगदी शेवटी. आपल्या लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसनेही अशी कार्डं काढली होती. दिल्लीत चांदणी चौकातले एच. ए. मिर्झा अँड सन्स हे मोठं नाव. मक्का-मदिनेच्या छायाचित्रांसाठीही हे घराणं ओळखलं जातं. त्याशिवाय मुंबईचे क्लिफ्टन, अंबाल्याचे मुरलीधर, लंडनचे राफाएल टक. फोटो इथे काढलेला, पण छपाई पुष्कळदा जर्मनीत. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात सॅक्सनीचं नाव सापडतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा पुरवठा तुटला.

आता पडद्यावर दोन कार्डं शेजारी शेजारी बघा. फोटो एकच आहे, एकाच काचेवरून घेतलेला. पण डावीकडे नदी निळीशार आहे आणि आकाशात ढग आहेत. उजवीकडे नदी हिरवट आहे आणि ढग गायब. रंग भरणाऱ्या कारागिराने यमुना कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या लेखी नदी निळी असते, विषय संपला. म्हणून चित्रकार्डातल्या रंगावर कधी विश्वास ठेवू नका. भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती हाफटोन छपाई. बारीक सुरकुत्यांसारखा पोत दिसला तर कोलोटाइप. काहीच दिसलं नाही, सगळं सलग असलं, तर ते अस्सल फोटोकार्ड, आणि मग मात्र तुमचं नशीब जोरावर आहे.

कार्ड कधीचं, हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. तिकिटावर सातवे एडवर्ड की पाचवे जॉर्ज? पाठ एकसंध आहे की मधे रेघ मारून पत्ता आणि मजकूर वेगळे केलेत? पूर्वी पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, म्हणून लोक चित्राच्या कडेला, कधी आकाशातच मजकूर लिहायचे. ब्रिटनने १९०२ मध्ये पाठ विभागायला परवानगी दिली आणि बाकीचे देश मागोमाग आले. पण लक्षात ठेवा, टपालाचा शिक्का कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो, फोटो काढल्याची नाही. दुकानात एकच फोटो दहा-पंधरा वर्षं विकला जायचा.

इथे सॅपरच्या नजरेचा उपयोग होतो. दिल्लीचा जुना लोखंडी पूल, लोहे का पुल, १८६७ पासून चालू आहे. वर आगगाडी, खाली रस्ता. सुमारे दोनशे दोन फुटांचे बारा गाळे. सुरुवातीला तो एकेरी मार्गाचा होता. १९१३ मध्ये शेजारी गर्डरची दुसरी ओळ टाकून दुहेरी केला. म्हणजे कार्डात गर्डरची एकच ओळ असेल तर फोटो १९१३ च्या आधीचा, मग शिक्का १९२० चा का असेना. ही खूण सापडली तेव्हा मला जो आनंद झाला तो घरी कोणालाच समजावून सांगता आला नाही.

मराठी माणूस म्हणून या पट्ट्यात आणखी एक गोष्ट टोचते. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट इथलाच, वजिराबादच्या थोडा वर. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत आणि अब्दाली पलीकडे, मधे दुथडी यमुना. ऑक्टोबरमध्ये अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि पानिपतचा फास आवळायला लागला. पुढे ११ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांची फौज आणि जनरल लेक यांची लढाई झाली ती पटपडगंजजवळ, नदीच्या आमच्या बाजूला. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. लेक जिंकला, नदी उतरून दिल्लीत शिरला, आणि उत्तरेतलं मराठ्यांचं वजन गेलं ते गेलंच.

यातल्या एकाही जागेचं कार्ड मला मिळालेलं नाही. बुराडी नाही, पटपडगंज नाही. मिळतात ती पुलाची, लाल किल्ल्याच्या मागच्या बाजूची, सलीमगढची, निगमबोध घाटाची आणि ओखल्याच्या बंधाऱ्याची, जिथून १८७४ मध्ये आग्रा कालवा सुरू झाला. कारण सोपं आहे. चित्रकार्ड हे जाणाऱ्या माणसासाठी काढलेलं असतं. तो स्टेशनवर उतरतो, किल्ला बघतो, सहलीला ओखल्याला जातो, आणि एक कार्ड घरी पाठवून निघून जातो. माझ्याकडे एका गोऱ्या शिपायाचं कार्ड आहे. त्याने पुलावर पेनने फुली मारली आहे आणि मागे लिहिलंय की आम्ही इथून आलो, थंडी फार आहे, आणि नदी मला वाटली होती तेवढी मोठी नाही. बिचारा हिवाळ्यात आला होता!

ती नदी केवढी मोठी आहे हे मी २०२३ च्या जुलैमध्ये पाहिलं. त्याच जुन्या पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची खूण २०५.३३ मीटर. १९७८ च्या पुरात पाणी २०७.४९ पर्यंत चढलं होतं. १३ जुलै २०२३ ला ते २०८.६६ वर गेलं. लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीला पाणी लागलं. शाहजहानच्या काळी नदी त्या भिंतीखालूनच वाहत होती. पुढे ती पूर्वेकडे सरकली. माझ्या कार्डांत भिंत आणि पाणी यांच्यामध्ये मोकळी जमीन आहे. १३ डिसेंबर १९११ ला दरबारानंतर पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी किल्ल्याच्या झरोक्यात बसले, तेव्हा खाली याच मैदानावर लाखोंची गर्दी जमली होती. त्याचीही कार्डं निघाली. आज तिथून रिंग रोड जातो. त्या जुलैत रिंग रोडवर नदी होती.

खादरातली शेतकरी कुटुंबं तेव्हा मयूर विहारच्या रस्त्यांच्या कडेला येऊन राहिली. प्लास्टिकचे कापड, खाट, म्हशी, पेट्या. आमच्या सोसायटीतून आम्ही काही जण जेवणाची पाकिटं घेऊन जायचो. तिथे एका बाबांशी ओळख झाली. सत्तरीच्या पुढचे, कुटुंब मूळचं बदायूंकडचं, पण जन्म गेला यमुनेच्या वाळूत. पाणी ओसरलं, ते परत गेले. मग मी अधूनमधून त्यांच्या शेतावर जाऊ लागलो. परतताना पिशवीत मुळे आणि पालक असायचेच. पैसे दिले तर ते रागवायचे.

त्या हिवाळ्यात मी काही कार्डांच्या मोठ्या प्रती काढून त्यांच्याकडे नेल्या. खरं सांगतो, शिकायला नव्हतो नेल्या. दाखवायला नेल्या होत्या. म्हटलं, त्यांना मजा वाटेल.

आता पडद्यावर ते कार्ड बघा. मागे पुलाचे मधले गाळे, गर्डरची एकच ओळ. शिक्का १९०८ चा. पुढे वाळू, आणि वाळूत समांतर ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे कमरेएवढं काहीतरी कुंपण, त्याच्या पायाशी खणल्यासारखं. खाली छापलंय फक्त ‘जमना ब्रिज, दिल्ली’. मी यावर चार वर्षं विचार केला होता. खणलेलं दिसलं की सॅपरला खंदकच दिसतो. १९०३ च्या जानेवारीत लॉर्ड कर्झनचा दरबार झाला होता. मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं: ‘बहुधा १९०३ च्या दरबाराच्या बंदोबस्ताची कुंपणं. पुलाच्या वरच्या अंगाने, उत्तरेकडून घेतलेला फोटो.’ एका व्याख्यानात हे मी लोकांना ठणकावून सांगितलंही होतं.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “साहब, ये तो पालेज है.”

पालेज म्हणजे कलिंगड-खरबुजाची वाडी. आपल्याकडेही उन्हाळ्यात नदीच्या वाळूत अशा वाड्या करतात. हिवाळ्यात पाणी उतरलं की वाळूत चर खणायचे, तळाशी खत घालायचं आणि त्यात बी लावायचं. मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचतात. वर थंडी असते, म्हणून प्रत्येक चराच्या वायव्येला वाळक्या गवताचा आडोसा उभा करायचा. गार वारा त्या बाजूने येतो. आडोशाच्या उबेत वेल वाढतात, आणि पुढे तेच गवत वेलांखाली अंथरायचं, म्हणजे फळ तापलेल्या वाळूवर भाजत नाही. मी ज्याला बंदोबस्त म्हणत होतो तो खरबुजांचा बंदोबस्त होता.

मी हसलो. पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “फोटू कौन महीने का है?”

मला प्रकाशक माहीत होता. राजा माहीत होता, टपालाचा दर माहीत होता, गर्डरचं माप माहीत होतं. महिना माहीत नव्हता. हा प्रश्न मी सत्तर कार्डांपैकी एकालाही कधी विचारला नव्हता.

त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. आडोसे उभे आहेत, वेल अजून दिसत नाहीत, म्हणजे पौष नाहीतर माघ. आणि मग त्यांनी चरावर बोट ठेवलं. चर आपल्या बाजूला आहे आणि गवत त्याच्या मागे. गवत वायव्येला असतं. म्हणजे फोटो काढणारा आग्नेयेकडे उभा होता, उत्तरेकडे तोंड करून. पुलाच्या खालच्या अंगाला. “किला इसके बाएं हाथ पे होगा,” ते म्हणाले.

मी मुकाट्याने कागद घेतला. चार वर्षं मी तो फोटोग्राफर पुलाच्या चुकीच्या बाजूला उभा केला होता. एका गवताच्या काडीने त्याला उचलून नदीच्या योग्य बाजूला आणून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? एका कार्डाची दिशा तर चुकली. पण मला ते लागलं, आणि का लागलं ते सांगतो. आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवतात की नदीला उतार कुठे आहे, म्हणजे पायी कुठून पार होता येतं, ते आधी काठच्या माणसाला विचारा, नकाशाला नंतर. उतार दर पावसाळ्याला बदलतो, नकाशा बदलत नाही. बागपतला अब्दाली पार झाला तेव्हाही नदीत कुठेतरी उतार होताच. हे मी स्वतः तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं आहे. आणि निवृत्त होऊन छंद धरला तेव्हा मीच विसरलो. कार्डात वाळू होती, शेत होतं, ते कसणारा माणूस फोटोच्या चौकटीच्या थोडा बाहेर होता. आणि मी दरबार शोधत होतो. कार्ड छापणाऱ्याने त्याला ओळीत घेतलं नाही, ‘जमना ब्रिज’ एवढंच लिहिलं. ते त्याने पाहुण्यासाठी लिहिलं होतं. मी तर गेली कित्येक वर्षं या नदीच्या काठावर राहतो. मीही पाहुण्यासारखाच बघत होतो.

त्या दिवसानंतर मी घरी येऊन सगळी कार्डं पुन्हा काढली. आणखी पाच कार्डांत पालेज सापडलं. एका ठिकाणी ज्याला मी छावणीचे तंबू समजत होतो ते राखणीच्या झोपड्या निघाल्या. आता प्रत्येक पाकिटात दोन चिठ्ठ्या असतात. एक माझी: प्रकाशक, छपाई, शिक्का, पूल. दुसरी बाबांची: महिना, पाणी, पीक, वारा. दुसरी चिठ्ठी मी त्यांच्या बोलण्यातून तशीच उतरवतो, हिंदीतच.

आता घाई आहे. माझ्या वयाची नाही, त्यांच्या. यमुनेच्या वाळूत दिल्लीत आता पालेज फारसं उरलेलं नाही. बाबा म्हणतात पाणी पूर्वीचं राहिलं नाही आणि जागाही राहणार नाही. त्यांची नातवंडं डिलिव्हरीच्या मोटरसायकली चालवतात. गवताचा आडोसा कुठल्या बाजूला लावायचा हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचं काही कारणही उरलेलं नाही. कार्डं माझ्यामागेही राहतील. कागद नीट ठेवला तर आणखी शंभर वर्षं टिकतो. मुलीला सांगून ठेवलंय की सगळी स्कॅन झाली की मूळ कार्डं अशा एखाद्या संग्रहाला द्यायची जिथे कोणालाही बघता येतील. कार्डं वाचणारा माणूस मात्र स्कॅन करता येत नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसावंच लागतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुनी चित्रकार्डं असतील. नाशिकच्या रामकुंडाची, वाईच्या घाटांची, पुण्याच्या बंड गार्डनची. आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या पुस्तकात खुणेसाठी घातलेली. त्यांचा एक चांगला फोटो काढा, मोठ्या कागदावर छापा, आणि त्या काठावर जा. कोळी असेल, धोबी असेल, भाजी पिकवणारी एखादी आजी असेल. तिला आधी तुमची माहिती सांगू नका. कागद हातात द्या आणि विचारा, हा महिना कुठला?

मग वही उघडा आणि लिहायला लागा.

जय हिंद.